बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

आषाढ लागला की मावळात कोणी घरात बसून राहत नाही. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भाताची आवणी सुरू होते. रोप उपटणे, त्याच्या मुठी बांधणे आणि चिखलात दिवसभर वाकून ते लावणे हे काम बहुतांशी स्त्रियांचे. रोपाला वाट पाहायला लावता येत नाही आणि पावसाला थांबवता येत नाही. अशा वेळी घरातील सून तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली असली, तरी तिचे दोन हात मोजणीत धरले जातात. मूल आजीच्या मांडीवर आणि आई गुडघाभर पाण्यात, हे दृश्य या तालुक्याला अपरिचित नाही. तिच्या अंगावरून अजून जात आहे, हे बांधावरील प्रत्येक बाईला ठाऊक असते. परंतु त्याविषयी कोणी बोलत नाही. ती स्वतःही बोलत नाही.

या मौनाची किंमत काय, याचा विचार चळवळीने गंभीरपणे केलेला नाही. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, भाताचा भाव, कंत्राटी कामगारांची नेमणूक या प्रश्नांवर मोर्चे निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु त्याच मोर्चात मूल कडेवर घेऊन चालणाऱ्या स्त्रीच्या शरीराचा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. तो बायकांचा खाजगी प्रश्न समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः बाळंतपणानंतरचा स्राव, पाळीचे परत येणे आणि त्या काळातील विश्रांती या गोष्टी जितक्या शरीरशास्त्राच्या, तितक्याच श्रमाच्या वाटणीच्याही आहेत.

गेल्या काही दशकांत बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले, ही मोठीच प्रगती होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे आढळले. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले होते. परंतु दवाखान्याचा संबंध सामान्यतः दोनतीन दिवसांत संपतो. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर ४८ तास दवाखान्यात ठेवण्याची अपेक्षा आहे. वैद्यकशास्त्र मात्र सूतिकावस्था बेचाळीस दिवसांची मानते. उरलेले चाळीस दिवस बाईने घरी, आपल्या आणि शेजारणीच्या समजुतीवर काढावयाचे असतात. त्या दिवसांत शरीरात काय चालले आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

ते सांगणे अवघड नाही. मूल जन्मल्यानंतर वार सुटून येते. जेथे ती गर्भाशयाला चिकटलेली होती तेथे सुमारे तळहाताएवढी उघडी जखम राहते. ही जखम आतून भरून येत असताना रक्त, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि पाझर बाहेर पडत राहतो. त्यालाच बाळंतिणीचा स्राव म्हणतात. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते; सहा आठवड्यांत ते आकसून पन्नास-साठ ग्रॅमवर येते. शेतात, कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात ती काहीही करीत नसली, तरी तिचे शरीर हे काम अहोरात्र करीत असते. ज्याच्या हाताला तळहाताएवढी जखम आहे अशा मजुराला कोणी चिखलात उतरवणार नाही. बाळंतिणीची जखम दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे धरले जाते.

या स्रावाला क्रम आहे. पहिले तीनचार दिवस तो लाल, पाळीपेक्षा अधिक असतो. नंतर दहाव्या दिवसापर्यंत तो फिकट गुलाबी किंवा तपकिरी होतो आणि त्यानंतर पिवळसर पांढरा होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतो. रात्रभर पडून सकाळी उठल्यावर तो एकदम अधिक जातो, कारण साठलेला भाग बाहेर येतो. मुलाला पाजताना पोटात कळ येऊन स्राव वाढतो. पाजण्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते याची ती खूण आहे, म्हणून घाबरून पाजणे थांबवू नये. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जखमेवरील खपली सुटून थोडा वेळ पुन्हा लाल जाणे हेही स्वाभाविक आहे. पोटावर शस्त्रक्रिया होऊन बाळंत झालेल्या स्त्रीलाही हा स्राव होतो, कारण आतील जखम तिलाही असतेच. शस्त्रक्रियेत पोट साफ केले, आता काही जाणार नाही, ही समजूत खरी नव्हे.

फिका झालेला स्राव कष्टाचे काम केल्यावर पुन्हा लाल होऊ लागला, तर ती विश्रांतीची मागणी समजावी. विश्रांतीने तो कमी झाला नाही तर दवाखाना गाठावा. मात्र काही खुणा अशा आहेत की त्यांत वाट पाहण्यास जागाच नाही. कापडाची जाड घडी तासाभरात भिजून चिंब होणे, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडणे, स्रावाला कुजका वास येणे, १००.४ अंशांहून अधिक ताप, थंडी वाजणे, ओटीपोटात दुखणे, चक्कर, घाम, छातीत धडधड, किंवा ताप येऊन स्राव एकाएकी बंद होणे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच दिवशी दवाखान्यात गेले पाहिजे, आणि रक्त वाहत असेल तर त्याच घटकेला. वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा जखमेत जंतू शिरले असतील, तर काढ्याने आणि धुरीने ते बरे होत नाही.

बाळंतज्वराचे कारण जगाला कळून दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले, की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी हात क्लोरीनच्या पाण्यात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. त्या ज्वरात दैवाचा कोप नव्हता, अस्वच्छ हात होते. मावळात आज हात अस्वच्छ नसतील. पण कापडाचा प्रश्न आहे. आषाढ-श्रावणात लोणावळ्याच्या परिसरात ऊन आठवडे न् आठवडे दिसत नाही. बाळंतिणीच्या घड्या लाजेखातर दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळत घातल्या जातात आणि दमटच वापरल्या जातात. साबणाने धुऊन चुलीच्या उबेला उघड्यावर पूर्ण कोरडे केलेले सुती कापड, दर चार-पाच तासांनी बदललेली घडी आणि स्वच्छ पाणी एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतो. बांधावर मात्र घडी बदलायला आडोसा नसतो आणि धुवायला नितळ पाणी नसते.

हे धोके किती सर्रास आढळतात याचा पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतील ७७२ स्त्रियांची बाळंतपणापासून पुढे घरी जाऊन पाहणी केली. ती पाहणी १९९५-९६ ची. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतरच्या काळात ४२.९ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार झाला. १५.२ टक्के स्त्रियांना पहिल्या दिवसानंतर अतिरक्तस्राव झाला आणि १०.२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. गडचिरोलीतील त्या वेळची बाळंतपणे बहुतांशी घरीच होत आणि मावळाची स्थिती आज तशी नाही. तरीही दवाखान्यातून घरी आल्यावरचे दिवस दोन्हीकडे सारखेच एकटे आहेत. शिवाय २०१९-२१ च्या पाहणीनुसार राज्यातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ज्या शरीरात मुळातच रक्त कमी, तेथे थोडा अधिक स्रावही जीव टांगणीला लावतो. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यावयाची असते, हे किती घरांत पाळले जाते, याची विचारपूस प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरापासून करावी.

स्राव थांबल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो तो पाळीचा. मूल अंगावर पीत नसेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पाळी येते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला ती अनेक महिने, कधी वर्षभरही येत नाही, कारण दूध निर्माण करणारा अंतःस्राव बीज पिकू देत नाही. यात रोग काही नाही. दूषित रक्त पोटात साठते ही कल्पना निराधार आहे. पहिल्या दोनचार पाळ्या लवकर, उशिरा, कमी किंवा अधिक अशा येऊ शकतात. पाजण्याच्या काळात योनिमार्ग कोरडा वाटणे हेही त्याच अंतःस्रावांमुळे घडते. तांबी बसवल्यावर काही महिने पाळी अधिक जाऊ शकते. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने ती अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितले तर बाई घाबरत नाही. ज्या स्त्रीचे बाळंतपणात फार रक्त गेले, जिला दूध आले नाही आणि पुढे पाळीही आली नाही, तिने मात्र डॉक्टरांना हा सगळा इतिहास जरूर सांगावा. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते.

पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, या समजुतीने मात्र अनेक घरांत पाठोपाठची बाळंतपणे लादली आहेत. बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते. म्हणून एकही पाळी न दिसता पुन्हा दिवस राहू शकतात. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी याबाबत तीन अटी सांगितल्या. मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, ते दिवसरात्र केवळ अंगावरच पीत असावे आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही अटी एकत्र असतील तेव्हाच गर्भ न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांहून अधिक असते. यांतील एक जरी अट सुटली तरी संरक्षण संपते. जी आई सकाळी आठला शेतावर किंवा बंगल्यावर कामाला जाते आणि संध्याकाळी परतते, तिचे मूल मधल्या वेळात वरच्या दुधावर असते. तिची दुसरी अट कामाच्या पहिल्याच दिवशी मोडते. आणि पुढची काळजी नेहमी बाईनेच का घ्यावी, हा प्रश्न सभेत बसलेल्या पुरुषांनी स्वतःला विचारावा. पुरुषाची नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि सुरक्षित आहे.

तिसरी गोष्ट पांढरे जाण्याची. पाळीच्या चक्राबरोबर थोडा पांढरा किंवा पारदर्शक स्राव जाणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. त्यातून हाडे वितळून जातात, शक्ती पाझरते, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खाज सुटून दह्यासारखा, घाण वासाचा, हिरवट-पिवळा किंवा ओटीपोटातील दुखण्यासह येणारा स्राव मात्र तपासून घ्यावा; बहुतेक प्रकारांवर साधी औषधे आहेत. परंतु तपासणीपर्यंत बाई पोहोचतच नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार होते, आणि त्यापूर्वी केवळ ८ टक्के स्त्रियांची कधी तपासणी झाली होती.

अज्ञानाचा फायदा उठवणारेही असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाते, अंगावरून अधिक जाते, एवढ्या तक्रारीवरून कर्करोगाची भीती घातली गेली. त्यातच पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापणार ही धास्ती होतीच. एकीकडे तक्रार सांगण्याची लाज आणि दुसरीकडे तक्रार सांगताच सुरी, या कैचीत कष्टकरी स्त्री सापडते. तिला आपले शरीर समजलेले असणे हे तिचे पहिले संरक्षण आहे.

परंतु ज्ञान एकटे पुरत नाही. स्राव पुन्हा लाल झाला तर विश्रांती घ्यावी हे तिला पाठ झाले, तरी विश्रांती देणार कोण? आपल्या जुन्या रीतीत सव्वा महिना बाळंतिणीला घराबाहेर काढीत नसत. त्यात विटाळाची अपमानकारक कल्पना होती, कोंदट खोली होती, पाणी तोडण्यासारखे घातक प्रकार होते. त्यांचा त्याग केलाच पाहिजे. पण त्या रीतीत विश्रांतीही होती. आजीबाईंचा सव्वा महिना, वैद्यकशास्त्राचे बेचाळीस दिवस आणि कायद्याचे सहा आठवडे या तीन मोजण्या जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. मजूर बाईच्या वाट्याला यांपैकी एकही येत नाही. विटाळ पाळायलासुद्धा घरात दुसरे माणूस आणि कणगीत धान्य असावे लागते. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी स्त्रीजवळ दोन्ही नसते.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यातील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली आणि तिचा भार सरकारनेही उचलावा अशी भूमिका घेतली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला बंदी केली. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी ठेवल्या. परंतु हे सर्व जिचे नाव हजेरीपटावर आहे तिच्यासाठी. आवणीच्या चिखलात, लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतील झाडलोटीत आणि घाटात करवंदे-जांभळे विकण्यात हजेरीपट नसतो. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचे वचन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने त्याचे पहिल्या मुलापुरते पाच हजार केले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजारांची सोय झाली. पाच हजार रुपये बेचाळीस दिवसांवर वाटले तर दिवसाला ११९ रुपये पडतात. एवढ्यावर कोणतीही मजूर बाई सहा आठवडे घरी बसू शकत नाही.

घरापर्यंत पोहोचणारी व्यक्ती सरकारने नेमली आहे, ती म्हणजे आशा. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जावयाचे असते. मुलाचे वजन घ्यावयाचे आणि आईलाही ताप, स्रावाचा वास, दिवसाला लागणाऱ्या घड्या यांविषयी विचारावयाचे. योजना चांगली आहे. परंतु पावसाळ्यात वाडीवाडीला चालत जाऊन या सहा भेटी पूर्ण करणाऱ्या स्त्रीसाठी २०११ साली २५० रुपये ठरवण्यात आले, आणि तिला कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले. २०२१ साली महाराष्ट्रातील आशांनी संप केला तो यासाठीच. एका स्त्रीच्या विश्रांतीची राखण दुसऱ्या स्त्रीच्या अल्पमोल श्रमावर सोपवणे, ही व्यवस्था टिकणारी नाही.

म्हणून मावळातील कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येक गावात आणि वाडीवर स्त्रियांची बैठक घेऊन नैसर्गिक स्राव आणि धोक्याच्या खुणा साध्या भाषेत सांगाव्यात. सासवांना आवर्जून बोलवावे, कारण घरातला निर्णय त्यांच्या हाती असतो. पुरुषांची बैठक निराळी घ्यावी आणि तेथेही हेच सांगावे. आवणीच्या दिवसांत कोणत्या घरी बाळंतीण आहे याची नोंद ठेवून तिच्या वाट्याचे काम इरजिकीने उचलावे. मावळाच्या शेतीला परस्परांच्या मदतीची ही रीत परकी नाही. दवाखाने रेल्वे आणि महामार्गाच्या कडेने आहेत, वाड्या खोऱ्यांच्या टोकांना आहेत. तेव्हा रात्री कोणते वाहन मिळेल हे आधीच ठरलेले असावे आणि १०२ व १०८ हे क्रमांक घराघरात माहीत असावेत. मागणी करताना असंघटित स्त्रीला सहा आठवड्यांची पूर्ण किमान मजुरी आणि आशांना कामगाराचा दर्जा या दोन गोष्टी भातभावाच्या शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

हे विषय उच्चारताना जीभ अडखळेल. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असेच विषय उघड मांडले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले आणि १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. आज खटल्याची भीती नाही. संकोच तेवढा उरला आहे. पुढच्या आवणीत बांधावरून जाणाऱ्या कार्यकर्त्याने एखाद्या घरी थांबून, बाळंतिणीला किती दिवस झाले, एवढे जरी विचारले आणि बेचाळीस भरले नसतील तर तिच्या ओळीत स्वतः वाकून रोप लावले, तरी या कामाची सुरुवात झाली असे समजावे.